गावच्या शाळेला पैसे कमी पडतात तेव्हा: कोणतं काम आधी, कोणत्या दारी, आणि मूल घरी शिकवायचं ठरलंच तर

जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत गळायला लागलं, शिक्षक कमी झाले, वीज तोडली गेली की बहुतेक गावांत दोनच गोष्टी होतात. काही जण वर्गणीचं पुस्तक काढतात आणि बाकीचे मुलांचे दाखले. दोन्ही गोष्टी शेवटी करायच्या आहेत, आणि त्या आधी केल्या की शाळेचं जास्त नुकसान होतं. वर्गणीतून पत्रे बसवले की हक्काचा निधी मागायचं कारणच उरत नाही. दाखले काढले की पट घसरतो, आणि शाळेचं अनुदान व शिक्षक दोन्ही पटावरच ठरतात.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि मुख्याध्यापक या तिघांनी तो एकत्र बसून वाचावा, कारण एकट्याने पार पडेल अशी यातली एकही पायरी नाही.

तयारी: आधी कागद, मग बैठक

निधीची मागणी परत येते ती बहुतेक वेळा कागद अपुरे असल्यामुळे. बैठक बोलावण्याआधी मुख्याध्यापकांकडून एवढं एका फाइलीत लावून घ्या:

- शाळेचा ११ अंकी युडायस क्रमांक (युडायस म्हणजे शाळा, मुलं आणि शिक्षक यांची शासनाची ऑनलाइन नोंद) आणि मागच्या वर्षीच्या युडायस माहितीची छापील प्रत
- चालू वर्षाची संचमान्यता, म्हणजे पटानुसार मंजूर झालेल्या शिक्षकपदांचा आदेश
- समग्र शिक्षा या शासकीय योजनेच्या खात्याचा मागच्या दोन वर्षांचा जमाखर्च
- समितीचं इतिवृत्त
- शाळेच्या जागेचा उतारा: सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८
- वीजबिल

जागेच्या उताऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. कित्येक शाळा दान मिळालेल्या जागेवर उभ्या आहेत आणि सातबारावर आजही दात्याच्या आजोबांचं नाव आहे. नवी खोली मंजूर व्हायची वेळ आली की काम तिथेच अडतं. उताऱ्यावर शाळेचं किंवा जिल्हा परिषदेचं नाव नसेल तर तलाठ्याकडे आजच विचारणा सुरू करा. या कामाला वेळ लागतो आणि बाकीच्या पायऱ्या त्यासाठी थांबवायची गरज नसते.

वीजबिलावर वर्गवारी छापलेली असते, तीही पाहा. शासकीय शाळेला सार्वजनिक सेवेचा दर लागू आहे. बिल व्यापारी दराने येत असेल तर महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज देऊन वर्गवारी बदलून घ्या.

पायरी १: पट आणि युडायस दुरुस्त करा

सगळ्यांत जास्त पैसा इथेच हातचा जातो. समग्र शिक्षेतून येणारं एकत्रित शाळा अनुदान पटसंख्येच्या टप्प्यांनुसार ठरतं. १ ते ३० मुलांना वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००, १०१ ते २५० मुलांना ५०,००० आणि २५१ ते १,००० मुलांना ७५,०००. आता पट ३१ वरून ३० झाला तर काय होतं ते पाहा. एका मुलाचं नाव कमी झालं आणि शाळेचे १५,००० रुपये गेले.

शिक्षकांचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार असं प्रमाण दिलं आहे. राज्याचे संचमान्यतेचे निकष वेळोवेळी बदलतात, त्यामुळे चालू शासन निर्णय गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मागून घ्या. पण ३० सप्टेंबरचा पट हा या सगळ्याचा पाया आहे.

तेव्हा ऑगस्टमध्येच हजेरीपट आणि ऑनलाइन यादी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवा. तीन ठिकाणी चुका सापडतात:

1. आधार जुळत नाही. हजेरीपटावर एक नाव, आधारवर दुसरं, नाहीतर जन्मतारखेत फरक. संचमान्यतेत आधार वैध असलेली मुलंच धरली जातात, म्हणजे वर्गात रोज समोर बसणारं मूल कागदावर नसतंच. पालकांना सोबत घेऊन आधार केंद्रावर दुरुस्ती करून आणा.
2. आधीच्या शाळेने नाव सोडलेलं नाही. मूल दुसऱ्या गावाहून आलेलं असतं, पण युडायसवर जुन्याच शाळेत दिसतं. तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करून ते सोडवून घ्यावं लागतं.
3. स्थलांतरित कुटुंबांची मुलं. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या पालकांची मुलं गावात आजी-आजोबांकडे राहू शकत असतील तर त्यांचं बोलणं दिवाळीआधीच करून ठेवा. कारखाने सुरू झाल्यावर ते हाती राहत नाही.

*तपासा:* ऑनलाइन यादीतला आकडा, हजेरीपटावरचा आकडा आणि प्रत्यक्ष वर्गात मोजलेला आकडा. तिघांत फरक असेल तर त्याचं कारण लिहून ठेवलं आहे का?

*सावधान:* पट वाढवायला गावाबाहेरच्या मुलांची खोटी नावं घालू नका. पोषण आहाराचा तांदूळ त्याच आकड्यावर येतो आणि तपासणीत सापडलं की मुख्याध्यापकांवर कारवाई होते. मग शाळेसाठी धावणारा माणूसच हातचा जातो.

पायरी २: समिती खरोखर आहे का ते पाहा

कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. ज्यांची मुलं शाळेतून केव्हाच बाहेर पडली असे सदस्य इतिवृत्तावर सह्या करत असतील तर ती समिती आक्षेपाला उघडी आहे. पालकसभा बोलावून पुनर्रचना करा आणि नव्या यादीची प्रत केंद्रप्रमुखांना द्या. ही पायरी एका संध्याकाळची आहे, तिला उगाच निवडणुकीचं रूप देऊ नका.

पायरी ३: शाळा फिरा आणि गरज आकड्यांत लिहा

समितीतले चार जण, मुख्याध्यापक, आणि जमलं तर गावातला एखादा गवंडी किंवा वायरमन, एवढे लोक टेप घेऊन शाळाभर फिरा. कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय हवं ते सांगितलेलं आहे: प्रत्येक शिक्षकाला एक खोली, कार्यालय व भांडार, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय आणि अपंग मुलांना अडथळ्याविना आत येता येईल असा रस्ता. हीच यादी हातात धरा. या मुद्द्यांवरची मागणी म्हणजे कायद्याने दिलेल्या गोष्टीची आठवण आहे, आणि पत्रातही ती त्याच सुरात लिहा.

आता लिहायचं कसं ते. बहुतेक अर्जांत एवढंच असतं: «शाळेची इमारत जीर्ण झाली असून दुरुस्ती करण्यात यावी.» यावर कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा:

«इयत्ता ३ री व ४ थीची एकत्र खोली, २० फूट बाय १६ फूट. छताचे १२ पत्रे फुटले आहेत, दक्षिणेकडील एक लोखंडी कैची गंजली आहे. जून ते सप्टेंबर या खोलीत वर्ग भरत नाही. १८ मुले व्हरांड्यात बसतात. फोटो ५ जोडले आहेत.»

मोजमाप, कोणता वर्ग, किती मुलांवर परिणाम आणि फोटो. हे चार तपशील असले की शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करणं सोपं जातं.

या यादीतूनच शाळा विकास आराखडा तयार होतो. तो तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षनिहाय भाग पाडायचे असतात, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शासनाच्या अनुदानाचं नियोजन याच आराखड्याच्या आधारे व्हायचं असतं. शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून लावण्याची पद्धत सर्रास आहे. ती सोडा. तुमच्या शाळेत नसलेल्या गळतीसाठी मागितलेले पैसे तुमच्या गळतीला मिळणार नाहीत.

*सावधान:* खोली धोकादायक असेल तर मुलांना त्याच दिवशी बाहेर काढा आणि तसं लेखी कळवा. मात्र जुनी खोली परस्पर पाडू नका. आधी निर्लेखनाचा, म्हणजे जुनं बांधकाम नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव जिल्हा परिषदेकडून मंजूर व्हावा लागतो. तो न करता भिंती पाडल्या तर नव्या खोलीची मंजुरी रखडते आणि जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते.

पायरी ४: कोणतं काम कोणत्या दारी

सगळी यादी एकाच अर्जात घालून आमदारांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि सरपंचांना एकदम देणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. प्रत्येकजण ते दुसऱ्याचं काम समजतो. यादी फोडा.

*रोजचा खर्च.* खडू, फळा, वीजबिल, नळ, किरकोळ दुरुस्ती, खेळणी, शैक्षणिक साहित्य: हे सगळं एकत्रित शाळा अनुदानातून. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हे अनुदान आता शून्य शिल्लक खात्यातून मर्यादेच्या रूपात येतं, म्हणजे पैसे खात्यात पडून राहत नाहीत, खर्च करायची मुभा मिळते. ३१ मार्चपर्यंत ती वापरली नाही तर परत जाते. वर्षाअखेर घाईघाईत बिलं जमवण्यापेक्षा मर्यादा आल्याच्या आठवड्यातच समितीत खर्चाचा ठराव करून ठेवा. खेळाच्या साहित्यासाठी वेगळं अनुदान आहे, प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपये. ते आलं का, हेही विचारा.

*पाणी, स्वच्छतागृह, कुंपण, किरकोळ बांधकाम.* यासाठी ग्रामपंचायत. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. १५ व्या आयोगाच्या काळात त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे इतर कामांनाही चालणारा. चालू आयोगाचं प्रमाण ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून समजून घ्या. शाळेचं स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी बंधित निधीतून मागा, कारण तिथे स्पर्धा कमी असते. अबंधित निधीवर रस्ते, गटारं, दिवे सगळ्यांचाच डोळा असतो. पत्रे, कुंपण यांसारख्या बंधित निधीत न बसणाऱ्या कामांसाठीच तिकडे जा. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात.

*नवी खोली, मोठी दुरुस्ती.* जिल्हा परिषदेचा शिक्षण व बांधकाम विभाग, जिल्हा नियोजन समिती, आमदार किंवा खासदार निधी. इथे क्रम ठरलेला आहे: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. आमदारांच्या शिफारसपत्राने सुरुवात करू नका. आधी अंदाजपत्रक हातात घ्या आणि ते जोडून शिफारस मागा.

*संगणक, पुस्तकं, सौर पॅनेल.* इथे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी चालतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. म्हणून तालुक्यातल्या कारखान्यापासून सुरुवात करा. कंपन्या सहसा हा पैसा नोंदणीकृत संस्थेमार्फत देतात, तेव्हा अशी संस्था आधी शोधून ठेवा. केंद्र शासनाच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळेला आपली गरज नोंदवता येते.

*तपासा:* यादीतल्या प्रत्येक कामापुढे एकच कार्यालय लिहिलं आहे का?

पायरी ५: ठराव आणि ग्रामसभा

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम नसेल तर सरपंचांची कितीही इच्छा असली तरी पैसे खर्च करता येत नाहीत. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. फेब्रुवारीत जाऊन मागणी करणाऱ्या शाळेचं एक वर्ष गेलंच.

आधी समितीचा ठराव, मग तोच ग्रामसभेत. त्याचा मसुदा असा:

«ठराव क्र. __: जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील इयत्ता ३ री व ४ थीच्या खोलीचे १२ पत्रे फुटले असून १८ विद्यार्थी व्हरांड्यात बसतात. शाखा अभियंता यांच्या अंदाजपत्रकानुसार रु. __ खर्चाचे हे काम सन __ च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात अबंधित निधीतून घ्यावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक: __ अनुमोदक: __»

निधीचं नाव आणि वर्ष हे दोन शब्द ठरावात नसले तर तो ठराव नुसती इच्छा राहतो. ग्रामसभेला आयांना मोठ्या संख्येने घेऊन जा. स्वच्छतागृह नसल्यामुळे सहावीतली मुलगी महिन्यातले चार दिवस घरी बसते, ही गोष्ट तिच्या आईने उभं राहून सांगितली की तो विषय पुढच्या सभेवर ढकलणं कुणालाही जड जातं.

पायरी ६: पाठपुरावा

प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. तोंडी «बघतो» याला काही अर्थ नाही. महिना उलटला की स्मरणपत्र, त्यात आधीचा आवक क्रमांक. तरीही हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून एवढंच विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली, ते पत्र सध्या कुणाच्या टेबलावर आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अर्ज पालकाने करावा. मुख्याध्यापकांना आपल्याच कार्यालयाविरुद्ध उभं करू नका.

पायरी ७: आता वर्गणी

वर्गणीची वेळ आता आली, आणि तीही जिथे कोणताच निधी बसत नाही त्याच कामासाठी. नियम थोडे पण पक्के ठेवा. शक्यतो वस्तूच्या रूपात घ्या आणि ती साठा नोंदवहीत चढवा. रोख घेतलीत तर त्याच दिवशी पावती, आणि जमाखर्च शाळेच्या फलकावर. प्रवेशाच्या वेळी कुणाकडून काहीही मागू नका: कायद्याने त्याला बंदी आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांनी दिले नाहीत त्यांची नावं कधीही वाचू नका. ज्या घरात देणं जमत नाही, त्याच घरातलं मूल शाळा सोडायच्या उंबरठ्यावर असतं.

शिक्षक कमी असतील तर वर्गणीतून मानधनावर स्थानिक पदवीधर नेमता येतो, पण समितीच्या ठरावानेच, ठरावीक मुदतीसाठी, आणि रिक्त पदाची मागणी चालू ठेवूनच. गावाने शिक्षक दिला म्हणून पद भरायचं राहून जाऊ देऊ नका.

पायरी ८: शाळा बंद किंवा विलीन होणार असेल तर

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव राज्यात २०२३ मध्ये मागवले गेले होते. तुमच्या शाळेचं नाव यादीत आलं तर नुसता विरोधाचा ठराव पुरत नाही. अंतर मोजून दाखवा. नियमानुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. हे अंतर पायवाटेने मोजा, मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस ओलांडता येत नाही ते लिहा, वाटेत घाट किंवा महामार्ग असेल तर फोटो लावा. तरीही दूरच्या शाळेत जावंच लागलं तर वाहतूक भत्त्याची मागणी लेखी करा. समग्र शिक्षेत आठवीपर्यंतच्या पात्र मुलाला वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. भत्ता उशिरा येतो, म्हणून गाडीवाल्याशी बोलतानाच पैसे कधी द्यायचे ते ठरवून घ्या.

पायरी ९: मूल घरी शिकवायचं ठरलंच तर

माझं मत स्पष्ट आहे: शाळा चालू असताना, नुसती सोय कमी आहे म्हणून गावातल्या मुलाला शाळेतून काढून घरी शिकवू नये. घरी दिवसाचे तीन-चार तास मोकळा असणारा शिकवता माणूस लागतो, आणि शेतीच्या हंगामात असा माणूस घरात उरत नाही. त्याचा पहिला फटका मुलींना बसतो, कारण त्या घरी दिसल्या की घरकाम त्यांच्याच वाट्याला येतं. नाव शाळेत ठेवून, रोज शाळेत पाठवून, संध्याकाळी वाडीतल्या मुलांचा एकत्र अभ्यास घेणं यात निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो.

तरीही काही घरांपुढे दुसरा मार्ग नसतो. मुलाचा आजार, सततचं स्थलांतर, वाटेवरचा खरा धोका. त्यांच्यासाठी क्रम असा:

1. काय सुटतं ते आधी लिहा. पोषण आहार, मोफत पुस्तकं, गणवेश. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी मूल तिसरी, चौथी, पाचवी मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं लागतं. आठवीतल्या एनएमएमएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला १२,००० रुपये शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळतात.
2. कायद्याची बाजू समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यता नाही आणि त्यावर स्पष्ट बंदीही नाही. घरी काय शिकवलं याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही, म्हणून परीक्षेचा मार्ग पहिल्या दिवशीच ठरवा.
3. परीक्षा निवडा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणजे एनआयओएसमध्ये तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत. दहावीला किमान वय १४ पूर्ण, बारावीला १५. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी, आठवी, दहावी, बारावी करता येते. राज्य मंडळाची नेहमीची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो.
4. अभ्यासकेंद्र जाऊन पाहा. संकेतस्थळावर केंद्राचं नाव असतं, पण प्रात्यक्षिकं खरंच होतात का, एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं का, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावर भरा. हमखास पास करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला मूळ कागद देऊ नका.
5. रोजची वही ठेवा. तारीख, विषय, काय केलं, एवढंच. शाळांना पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेले आहेत, घरीही तेच माप धरा. दर तीन महिन्यांनी मुलाकडून एक उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि हातच्याची वजाबाकी, भागाकार सोडवून घ्या. दोन तिमाही प्रगती दिसली नाही तर मुलाला शाळेत परत घाला.

*सावधान:* नाव हजेरीपटावर ठेवून मूल घरी, अशी तोंडी तडजोड करू नका. खोटी हजेरी शाळेलाही अडकवते आणि मुलालाही पुढच्या वर्गात नुसतं ढकलते.

परत शाळेत घालताना «आता वर्ष मध्यावर आलंय» किंवा «जुना दाखला आणा» असं सांगितलं जाऊ शकतं. कलम ४ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवावं लागतं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. दाखला मिळायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्याही दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि त्याच आठवड्यात मुलाचं नाव युडायसवर चढलं का, ते मुख्याध्यापकांच्या शेजारी बसून पाहून या.